अंदमानला गेलेल्या आगबोटीवरील सहकैद्यांचा शोध कसा घ्यावा?

महालकर (नागपूर):

आमचे खापरपणजोबा भंडारा जिल्ह्यातील एका मालगुजारी गावचे. दरोडा आणि खुनाच्या खटल्यात त्यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली, एवढेच घरात सांगितले जात असे. अलीकडे जुन्या पेटीत त्यांचे पोर्ट ब्लेअरहून आलेले 1889 सालचे एक पत्र मिळाले. मोडी जाणणाऱ्या एका गृहस्थांकडून ते वाचून घेतले. त्यावर कैदी क्रमांक आहे आणि मजकुरात "आपल्या मुलखाचे चौघे याच बोटीने आले, त्यांतील एक वारला" असे वाक्य आहे. या चौघांची नावे मला शोधायची आहेत, कारण त्यांच्याही घरी कदाचित अशीच अर्धवट हकिकत सांगितली जात असेल. ऑस्ट्रेलियाला नेलेल्या कैद्यांच्या जहाजवार याद्या आज कोणालाही पाहता येतात. अंदमानच्या बाबतीत तसे काही आहे का? बोटीचे नाव पत्रात नाही. सेल्युलर जेलमधील संगमरवरी फलकांवरची नावे तपासली. त्यांत ते नाहीत.

जुने दफ्तर:

फलकांवर ते सापडणार नाहीत, यात आश्चर्य नाही. सेल्युलर जेलचे बांधकाम 1896 मध्ये सुरू होऊन 1906 मध्ये संपले आणि ते फलक राजकीय कैद्यांचे आहेत. आपले खापरपणजोबा गेले तेव्हा ती इमारत नव्हतीच. अंदमानात गेलेल्या माणसांपैकी फार मोठा भाग खून आणि दरोड्याच्या गुन्ह्यांतील साध्या कैद्यांचा होता, हे आपण सहसा विसरतो.

माझे स्पष्ट मत असे की, आपल्या काळासाठी बोटीपासून शोध सुरू करू नये. ऑस्ट्रेलियाला जाणारी जहाजे बहुधा कैद्यांसाठीच भाड्याने घेतलेली असत, प्रवास काही महिन्यांचा असे आणि उतरताना प्रत्येकाची नोंद त्या जहाजाच्या नावाखाली होई. म्हणून तिथे जहाज हीच ओळख बनली. अंदमानला जाणारी आगबोट टपाल, धान्य, शिपाई, अधिकारी आणि कैदी असे सगळेच घेऊन ठरावीक फेऱ्या करी, आणि प्रवास काही दिवसांचा असे. सावरकरांना 1911 मध्ये घेऊन गेलेली 'महाराजा' याच प्रकारची होती. तिथे माणसाची ओळख म्हणजे त्याचा क्रमांक. गळ्यातील लाकडी बिल्ल्यावर तो क्रमांक, शिक्षेचे कलम, शिक्षेची तारीख आणि सुटकेची तारीख कोरलेली असे. सावरकरांचा 32778 हा क्रमांक याच पद्धतीतला. एका खेपेत उतरलेल्यांचे क्रमांक बहुधा लागोपाठचे असतात. म्हणजे आपल्या हाती बोटीच्या नावापेक्षा उपयोगी वस्तू आधीच आहे. कोणत्याही कागदात त्या क्रमांकाच्या आगेमागे मध्य प्रांतातील (नागपूर, भंडारा हे जिल्हे तेव्हा ज्या प्रांतात होते तेथील) माणसे दिसली, तर ती आपल्या चौघांपैकी असण्याचा संभव बराच आहे.

मात्र पहिले काम नागपुरातच आहे. त्या काळी मध्य प्रांतातील सर्वांत वरचे न्यायालय म्हणजे नागपूरचे ज्युडिशियल कमिशनर. उच्च न्यायालय 1936 मध्ये आले. खटल्याच्या कागदात आरोपीच्या वडिलांचे नाव, जात, वय आणि गाव मिळते, आणि दरोड्याचा खटला असेल तर सहआरोपीही एकाच कागदावर सापडतात. चौघांपैकी एखादा कदाचित तिथेच निघेल. गावाकडील वंशावळ जुळवायला कोतवाल बुक (गावातील जन्ममृत्यूची नोंदवही) आणि जमीन महसुलाच्या बंदोबस्ताच्या मिसली, म्हणजे जुनी कागदपत्रे, आहेतच. जातपडताळणीसाठी विदर्भात अनेकांनी त्या काढलेल्या असतात, म्हणून आधी भाऊबंदांकडे विचारावे. प्रांताच्या सचिवालयाची जुनी दफ्तरे 1956 च्या राज्य पुनर्रचनेत विभागली गेली. त्यामुळे पुराभिलेख विभागाच्या नागपूर कार्यालयात नसलेली फाईल भोपाळला असू शकते.

वऱ्हाडी वाचक:

दोन गोष्टींची भर घालतो. "आपल्या मुलखाचे" यात वऱ्हाडचे लोक असतील, तर नागपूरच्या दफ्तरांत ते सापडणार नाहीत. वऱ्हाड 1853 पासून इंग्रजांच्या ताब्यात असला, तरी 1903 पर्यंत त्याचा कारभार हैदराबादच्या रेसिडेंटच्या, म्हणजे निजामाच्या दरबारातील इंग्रज प्रतिनिधीच्या, हाताखाली होता.

दुसरे, "बोटीपासून सुरुवात करू नका" हे मत मला सरसकट मान्य नाही. अंदमानातील कैद्यांच्या वसाहतीच्या पहिल्या वर्षांत बोट हाच धागा आहे. वसाहतीचे पहिले अधीक्षक डॉ. जेम्स पॅटिसन वॉकर 10 मार्च 1858 रोजी 'सेमिरामिस'वरून 200 कैदी घेऊन आले. त्यानंतर कराचीहून 'रोमन एम्परर' आली. या खेपा वेगवेगळ्या मोजता येतात. पण त्या काळच्या कागदांतील आकडेही पाहावेत: 16 जून 1858 पर्यंत उतरलेल्या 773 जणांपैकी 64 रुग्णालयात मेले, 140 पळाले ते पुन्हा हाती लागले नाहीत, 87 जणांना पळण्याच्या प्रयत्नाबद्दल फाशी दिले आणि एकाने आत्महत्या केली. उरले 481. बोटीच्या यादीत नाव सापडले, तरी माणूस तीन महिन्यांनंतर जिवंत होता असे त्यावरून म्हणता येत नाही.

जुने दफ्तर:

1858 बाबत आपले म्हणणे योग्य आहे. माझे विधान 1880 नंतरच्या काळापुरते होते.

महालकर (नागपूर):

दोघांचाही आभारी आहे. दोन शंका आहेत. निकालपत्र मिळाले, तर त्यातील शिक्षेवरून इतर आरोपीही बोटीवर होते असे धरावे का? आणि पोर्ट ब्लेअरची मूळ रजिस्टरे कुठे पाहावीत?

जुने दफ्तर:

पहिल्या शंकेचे उत्तर "नाही" असे आहे. काळ्या पाण्याची शिक्षा झालेला प्रत्येक जण समुद्रापार गेलाच असे नाही. वय आणि प्रकृती पाहून कैदी निवडले जात आणि अयोग्य ठरलेले इथल्याच तुरुंगात राहत. रवानगी होईपर्यंतचा काळ सक्तमजुरीतील समजावा, अशी तरतूद दंडसंहितेच्या 58 व्या कलमातच होती. म्हणून सहआरोपींची नावे ही तपासायची नावे समजावीत.

पोर्ट ब्लेअरमधील पुष्कळ कागद 1942 ते 1945 या जपानी अंमलात नष्ट झाले. त्यामुळे तिथे जाण्याआधी दिल्लीतील राष्ट्रीय अभिलेखागारात गृह विभागाची पोर्ट ब्लेअर शाखा पाहावी. तिच्या बऱ्याच फाइलींची सूची 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावर घरबसल्या चाळता येते. सुटकेचे अर्ज, दयेचे अर्ज, मृत्यू, पलायन अशा प्रकरणांत नाव आणि क्रमांक एकत्र येतात. प्रांतांच्या कामकाजाच्या प्रती लंडनलाही जात. त्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. वार्षिक अहवालांत वेळ दवडू नये, त्यांत आकडे आहेत, नावे नाहीत.

शोधताना चंद्रपूरऐवजी चांदा घालावे, आणि आजचा गोंदिया जिल्हा त्या काळी भंडाऱ्यातच होता हे ध्यानात ठेवावे. चौघांपैकी जे जगले, त्यांतील एखाद्याला काही वर्षांच्या चांगल्या वर्तणुकीनंतर स्वतः कमावून राहण्याचा परवाना मिळून त्याने तिथेच लग्न केले असेल. अशांचे वंशज अंदमानात 'लोकल बॉर्न' म्हणून ओळखले जातात. तेव्हा क्रमांक जुळला की एक चौकशी त्या बाजूनेही करावी.

महालकर (नागपूर):

सोमवारी पुराभिलेखाच्या कार्यालयात ज्युडिशियल कमिशनरच्या दफ्तराची मागणी नोंदवतो. कैदी क्रमांक आणि गावाचे नाव इथे उघड लिहीत नाही. वऱ्हाडच्या बाजूने कोणी असाच शोध घेत असेल, तर मला व्यक्तिगत निरोप पाठवावा.