मदत हवी आहे: आयर्लंडमधली चर्चची जुनी नोंद कशी शोधायची? (सलिव्हन, कॉर्क)

कैरीचं_लोणचं
नमस्कार मंडळी. नवऱ्याच्या पणजीची बाप्तिस्म्याची नोंद शोधते आहे. नाव नोरा सलिव्हन, काउंटी कॉर्क, पुढे अमेरिकेत गेली. आयरिश सरकारची ती फुकट साइट आहे ना, आयरिशजीनिऑलॉजी डॉट आयई, तिथे चर्चच्या नोंदींमध्ये कॉर्क निवडून नाव टाकलं. एकतर काहीच येत नाही, नाहीतर सलिव्हनांची जत्रा येते. पुढच्या महिन्यात सासूबाईंना घेऊन कॉर्कला जातोय, तिकिटं काढून झाली आणि त्यांना आजीचं चर्च बघायचंच आहे. कुणी केलंय का हे? प्लीज लवकर सांगा. "गूगल कर" म्हणणाऱ्यांनी येऊ नये.

घाटमाथा
साल? पंथ? आईबापांची नावं? नुसतं "नोरा सलिव्हन, कॉर्क" म्हणजे "सुनंदा पाटील, कोल्हापूर जिल्हा" झालं.

कैरीचं_लोणचं
आयरिश म्हणजे कॅथलिकच असणार ना! साल १८७५ च्या आसपास. वडील डॅनियल. आईचं माहित नाही.

अग्निहोत्री_उवाच
ताई, उगाच वेळ घालवू नका. १९२२ साली डब्लिनच्या फोर कोर्ट्समध्ये स्फोट होऊन आग लागली, त्यात आयर्लंडचं सगळं जुनं दप्तर खाक झालं. मी यावर एक माहितीपट पाहिला आहे.

लिफीकाठी
अग्निहोत्रीबुवा, माहितीपट अर्धा पाहून उठलात वाटतं. जळालं ते तिथल्या पब्लिक रेकॉर्ड ऑफिसमध्ये होतं ते. १८२१ ते १८५१ च्या जनगणना जवळपास सगळ्या गेल्या, आणि चर्च ऑफ आयर्लंडची, म्हणजे प्रॉटेस्टंटांची, बरीच रजिस्टरं गेली कारण ती तिथे आणून ठेवली होती. कॅथलिक रजिस्टरं गावोगावच्या फादरांकडेच होती, म्हणून वाचली. पुढे नॅशनल लायब्ररीने त्यांची मायक्रोफिल्म केली आणि जुलै २०१५ मध्ये फुकट ऑनलाइन टाकली. हजारावर पॅरिश (एकेका चर्चखालचा इलाखा) आहेत, बहुतेकांच्या नोंदी १८८० पर्यंत. १८७५ आरामात बसतं.

अग्निहोत्री_उवाच
१८६१ आणि १८७१ च्या जनगणना पण नाहीत. त्या काय फादरांकडे होत्या?

लिफीकाठी
त्या सरकारनेच नष्ट केल्या, आणि १८८१, १८९१ च्या पहिल्या महायुद्धात लगद्यात गेल्या. आगीचा संबंध नाही. १९०१ आणि १९११ च्या मात्र शाबूत आहेत, नॅशनल आर्काइव्ह्जच्या साइटवर फुकट.

गुणसूत्र
एवढी डोकेफोड कशाला? सासूबाईंची डीएनए चाचणी करा. थुंकी पाठवा, दीड-दोन महिन्यांत चुलत भावंडांची यादी हजर. माझ्या बायकोचे नातेवाईक असेच सापडले.

घाटमाथा
त्या पुढच्या महिन्यात जातायत. वाचा जरा.

मुक्काम_पोस्ट_डोंबिवली
आमच्या त्र्यंबकेश्वरच्या गुरुजींकडे सात पिढ्यांची नावं वहीत आहेत, सांगितलं की पाच मिनिटांत काढून देतात. आयर्लंडमध्ये असे उपाध्ये नाहीत का?

दर्यासारंग
शोधाबद्दल नव्हे, पण एक महत्त्वाचं: आजी आयर्लंडमध्ये जन्मलेली असेल तर सासूबाईंना आयरिश नागरिकत्व मिळू शकतं. फॉरेन बर्थ्स रजिस्टर म्हणतात. नातवंडांपर्यंत चालतं. नवऱ्याला मात्र नाही, कारण त्यांच्या जन्माआधी सासूबाईंनी नोंदणी केलेली असायला हवी होती. आणि तिथे बाप्तिस्मा नाही, सरकारी जन्मदाखला मागतात.

कैरीचं_लोणचं
पासपोर्ट कुणालाही नको आहे हो, चर्च हवं आहे! लिफीकाठी, ती नॅशनल लायब्ररीची साइट उघडली. नुसती काळी-पांढरी पानं दिसतात, नाव टाकायला जागाच नाही. आणि आधी पॅरिश निवडा म्हणते. पॅरिश माहित असती तर इथे आले असते का?

लिफीकाठी
बरोबर, तिथे फक्त छायाचित्रं आहेत. नावावार सूची फाइंडमायपास्ट आणि अँसेस्ट्री या वंशावळीच्या साइटवर आहे. पण पॅरिश कळल्याशिवाय तिथेही सलिव्हन मोजत बसाल. पॅरिश आयर्लंडमधून नाही, अमेरिकेच्या बाजूने शोधायची. नोराबाई अमेरिकेत कुठे उतरल्या, कुठे राहिल्या, लग्न कुठे झालं?

कैरीचं_लोणचं
त्याचा काय संबंध? आम्ही सिॲटलला आहोत. सासूबाईंची आई लहानपणी मोंटानात होती. ब्यूट नावाचं खाणींचं गाव. नोराचं लग्न तिथेच झालं, नवरा पण सलिव्हनच.

घाटमाथा
ब्यूट!!! हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं!

ब्यूट, सलिव्हन, काउंटी कॉर्क या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की पहिल्यांदा बिअरा द्वीपकल्प बघायचं. त्याच्या टोकाला ॲलिहीज गाव आहे, तिथे १८१२ पासून तांब्याच्या खाणी होत्या. १८८० च्या दशकात त्या बसल्या आणि माणसं सरळ ब्यूटच्या तांब्याच्या खाणींत गेली. एकाने दुसऱ्याला बोलावलं, दुसऱ्याने तिसऱ्याला.

आता तुमची खरी अडचण. बिअराचा बराचसा भाग काउंटी कॉर्कमध्ये आहे, पण चर्चच्या हिशेबात तो केरी धर्मप्रांतात मोडतो. तुम्ही कॉर्क निवडून चर्चच्या नोंदी शोधताय, त्यात कॉर्क आणि रॉस धर्मप्रांत येतो. बिअरा त्यात नाहीच. तीच साइट, चर्च रेकॉर्ड्स, पण केरी निवडा. मग ॲलिहीज, आयरीज, कॅसलटाउनबिअर या पॅरिश बघा. आणि नोरा टाकू नका. होनोरा, हॅनोरा टाका. आडनावही "ओ" लावून (ओ'सलिव्हन) आणि न लावून, दोन्ही.

लिफीकाठी
+१. सरकारी जन्मनोंद मात्र कॉर्कमध्येच शोधायची, नोंदणी जिल्हा कॅसलटाउन. १८६४ पासून सगळ्यांचे जन्म नोंदवायचा कायदा झाला, पानाचं चित्रही त्याच साइटवर फुकट दिसतं. चर्चसाठी केरी, सरकारसाठी कॉर्क. इथे भलेभले अडकतात.

गुणसूत्र
बिअरासाठी तर डीएनएच बरं. खात्री होते.

घाटमाथा
बिअरात सलिव्हनने हॅरिंग्टनशी आणि हॅरिंग्टनने सलिव्हनशी लग्नं केली आहेत, पिढ्यान्‌पिढ्या. यादीतला प्रत्येक जण तुमचा चौथा चुलत भाऊ निघेल. त्यातून एक घर कसं काढणार?

गुणसूत्र
तुम्ही केली आहे का चाचणी? नाही ना? मग झालं.

कैरीचं_लोणचं
भांडा नंतर! केरी निवडलं आणि हॅनोरा टाकलं. वडील डॅनियल असलेल्या दोन सापडल्या, दोन्ही ॲलिहीजच्या. एक १८७४, आई मेरी शी. दुसरी १८७६, आई जोआना हॅरिंग्टन. आता?

लिफीकाठी
आता आईचं माहेरचं नाव हवं. मोंटानाच्या लग्नाच्या नोंदी फॅमिलीसर्च या साइटवर आहेत. लग्नाच्या कागदात दोघांच्या आईवडिलांची नावं असतात, आईचं माहेरचं नावही. लग्नाचं साल सांगू शकाल?

कैरीचं_लोणचं
साल १८९८. सासूबाईंकडे लग्नाचा फोटो आहे, मागे लिहिलंय. थांबा, शोधते.

मुक्काम_पोस्ट_डोंबिवली
फोटो टाका ना इथे.

कैरीचं_लोणचं
सापडला कागद. वडील डॅनियल सलिव्हन, आई "हॅना हॅरिंग्टन". म्हणजे दुसरी? पण तिथे जोआना आहे.

घाटमाथा
जोआनाला घरात हॅनाच म्हणत. १८७६ वाली पकडा. खात्रीसाठी त्याच जोडप्याच्या बाकी मुलांच्या नोंदी काढा. वडील डॅनियल सलिव्हन, आई हॅरिंग्टन, ॲलिहीज, पुढे-मागे दहा-दहा वर्षं. मुलांची नावं सासूबाईंना ऐकून माहित असली तर काम झालं. धर्ममायबापांची (गॉडपेरेंट्स) नावंही टिपा, बहुतेक काका, मावशी किंवा शेजारीच असतात. ब्यूटमध्ये नोरा कुणाच्या घरी उतरली हे त्यांतूनच कळतं.

कैरीचं_लोणचं
सासूबाईंना फोनवर वाचून दाखवली. मायकल, कॅथरीन, नोरा, टिमथी, ज्युलिया. टिमथी म्हटल्यावर म्हणाल्या, "अंकल टिम! खाणीत बोटं गेली होती त्यांची." तेच घर आहे!! पण सरकारी नोंदीत जन्म ९ मे आणि चर्चमध्ये बाप्तिस्मा २ एप्रिल. जन्माआधी बाप्तिस्मा?

लिफीकाठी
नेहमीचंच. बाप्तिस्मा एक-दोन दिवसांत होई, सरकारी नोंद मात्र निवांत. मुदत टळली की दंड, मग वडील रजिस्ट्रारसमोर जन्मतारीखच पुढे ढकलून सांगत. चर्चची तारीख खरी धरा. सरकारी पानावर पत्त्याचा रकाना आहे, तिथे टाउनलँड काय लिहिलंय? टाउनलँड म्हणजे वाडी समजा.

कैरीचं_लोणचं
बॅलीडॉनेगन असं वाटतंय. बाप सही करू शकत नव्हता, फुली मारली आहे.

भटकभवानी
अरे वा, बॅलीडॉनेगन म्हणजे ॲलिहीजचा समुद्रकिनारा! आम्ही गेलो होतो. कॉर्क शहरातून गाडीने अडीच-तीन तास धरा, शेवटचा रस्ता अरुंद आहे, मोठी गाडी घेऊ नका. गावात तांब्याच्या खाणीचं संग्रहालय आहे, कॉर्नवॉलहून आलेल्या खाणकामगारांच्या मेथॉडिस्ट चॅपेलमध्ये. जवळच डर्सी बेटावर जायला समुद्रावरून केबल कार आहे. सासूबाईंना उंचीची भीती नसेल तर जा. शाकाहारी असाल तर ठेपले न्या.

अग्निहोत्री_उवाच
चला, म्हणजे तिथलं जळालं नव्हतं तर. मग प्रॉटेस्टंटांचं काहीच उरलं नाही का?

लिफीकाठी
काही पॅरिशांनी आपली पुस्तकं स्वतःकडे ठेवली होती, काहींनी पाठवण्याआधी नकला केल्या होत्या. त्यासाठी वेगळा धागा काढा.

कैरीचं_लोणचं
मंडळी, खूप आभार. एकच शेवटचं. तिथल्या फादरांना ईमेल करून मूळ रजिस्टर बघायला मागू का? सासूबाईंना पान हाताळायचंय.

दर्यासारंग
नक्की मागा. आणि सासूबाईंच्या नागरिकत्वाचं मनावर घ्या, सरकारी जन्मनोंद आयतीच सापडली आहे.

लिफीकाठी
मागा, पण भरवसा ठेवू नका. जुनी पुस्तकं नाजूक असतात, शिवाय सगळी तिथेच असतील असं नाही. नोराच्या पानाचं चित्र नॅशनल लायब्ररीच्या साइटवरून छापून न्या. १८७६, एप्रिल, ॲलिहीज एवढं कळल्यावर पान शोधायला चहा होईपर्यंतचा वेळ लागेल.

घाटमाथा
त्यापेक्षा घर शोधा. ग्रिफिथची जमीन पाहणी १८४७ ते १८६४ मध्ये झाली. आस्क अबाउट आयर्लंड साइटवर यादी आणि नकाशा दोन्ही फुकट. बॅलीडॉनेगन उघडा, यादीत प्रत्येक कुळापुढे आकडा असतो, तोच नकाशावर प्लॉटवर असतो. डॅनियल तेव्हा लहान असेल, त्याच्या बापाला शोधा. थोरल्या मुलाला बहुधा आजोबांचं नाव देत.

कैरीचं_लोणचं
थोरला मायकल. बॅलीडॉनेगनमध्ये मायकल सलिव्हन किती असतील?

घाटमाथा
निदान दोन तरी धरून चला. आकडे इथे टाका, नकाशा मी बघतो.