दुबई क्रीकची १ दिरहॅमवाली अब्रा, गुडघेदुखीच्या माणसाला जमेल का?

खारीबिस्कीट:
डिसेंबर एंडला दुबईला चाललोय, मी, नवरा, दोन मुलं (९ आणि १३) आणि सासूबाई. एजंटने प्लॅनमधे धाऊ (तिकडचं लाकडी जहाज) क्रूझ विथ डिनर टाकलंय, माणशी जो काही रेट सांगितलाय तो ऐकून नवरा म्हणाला डबा घरून नेऊ. मला खरं तर जुन्या दुबईतली ती लाकडी अब्रा असते ना, खाडी ओलांडायची, त्यात बसायचंय. पण फोटोत बघितलं तर तिला कठडाच नाही!! सासूबाई ६९ च्या, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, चालतात व्यवस्थित पण पायरी उंच असली की हात धरावा लागतो. कुणी वयस्कर माणसांना घेऊन गेलंय का? बुकिंग करावं लागतं का? आणि पलीकडे उतरून काही बघण्यासारखं आहे की नुसतं जाऊन परत यायचं?

वाळवंटातला_मराठी:
बुकिंग बिकिंग काही नाही हो, ही टूरिस्टांची राईड नाही, इथल्या लोकांची रोजची फेरीबोट आहे. धक्क्यावर जायचं, वीसेक माणसं झाली की सुटते. भाडं माणशी १ दिरहॅम, रोख, बसल्यावर द्यायचं. सुटी नाणी ठेवा, ५० ची नोट काढलीत की तो नुसता बघतो तुमच्याकडे. चालवणारे बहुतेक आपल्याच भागातले, बांगलादेश पाकिस्तान वगैरे, हिंदी चालतं.

आता रस्ता. दुपारी चारच्या सुमारास अल फहिदीच्या जुन्या वस्तीत जा, पूर्वी बस्तकिया म्हणायचे. मातकट रंगाची घरं आणि वर चौकोनी मनोरे दिसतील, ते वारा खाली घरात ओढायला, तेव्हाचा एसी. तिथून रमतगमत कापडबाजारातून बर दुबईच्या धक्क्यावर. अब्राने पलीकडे देरा ओल्ड सूकला (सूक म्हणजे बाजार) उतरलात की समोरच मसाल्याचा बाजार, पुढे सोन्याचा. परत यायला अल रासवरून मेट्रोची ग्रीन लाइन घ्या, ती खाडीच्या खालून जाते आणि पुढचंच स्टेशन अल घुबैबा. म्हणजे जाताना पाण्यावरून, येताना पाण्याखालून, मुलांना हे आधी सांगू नका.

तांडेलाचा_नातू:
गुडघ्याचं कुणी बोललंच नाही, म्हणून लिहितो. अब्रात मधे एक उंच बाक असतो, लोक पाठीला पाठ लावून दोन्ही बाजूंना बसतात, तोंड पाण्याकडे. पायापुढे वीतभर फळी आणि मग सरळ पाणी. कठडा नाही हे खरंय. पण खाडीत लाटा नसतात, बाजूने मोठी बोट गेली तर तेवढ्यापुरती हलते. बसल्यावर काही नाही, अडचण चढताना. होडी धक्क्याला टेकलेली असली तरी वरखाली होत असते, आणि ओहोटी असेल तर पाय थोडा खाली टाकावा लागतो. आईला घेऊन गेलो होतो तेव्हा मी आधी आत उतरलो, भावाने मागून धरलं, आणि होडी वर आली त्या क्षणाला "आता" म्हणालो. पाय खाली टाकायचा असेल तर ऑपरेशनचा पाय आधी टाकायला सांगा, वर चढताना चांगला आधी. गर्दी लोटत असेल तर ती सोडून द्या, दुसरी लगेच येते. ऑफिस सुटायच्या वेळेला तर मुळीच नको.

चालवणारा मधोमध एका खळग्यात असतो, इंजिन तिथेच. त्याच्या अगदी जवळ बसू नका, डिझेलचा वास येतो आणि एक शब्द ऐकू येत नाही.

निवांत_कट्टा:
माझं मत जरा उलट आहे. पाच मिनिटांत पलीकडे पोचता, फोन काढेपर्यंत संपतं. सासूबाई सोबत आहेत तर अख्खी अब्रा तासाभरासाठी घ्या, आम्ही १२० दिरहॅम दिले होते, पाच जणांत काहीच नाही, आणि चढउतार एकदाच. देराच्या बाजूला लाकडी धाऊ ओळीने बांधलेल्या असतात, त्यांत फ्रिज, टायर, खोकी भरत असतात, इराण सोमालियापर्यंत माल जातो. एजंटच्या क्रूझपेक्षा हे बघा. (क्रूझ घेतलीच तर क्रीकमधली की मरीनामधली विचारून घ्या, मरीनात नुसत्या काचेच्या बिल्डिंगी.)

दुबई मुळात या खाडीवर उभी राहिली, मोती आणि व्यापार. गाळ साचून मोठी जहाजं आत येईनात म्हणून १९५९ नंतर दुबईचे तेव्हाचे शासक शेख रशीद यांनी कर्ज काढून गाळ उपसला, तेव्हा अजून तेल सापडलं नव्हतं. पहिला पूल १९६३ चा. त्याआधी एकतर अब्रा, तीही वल्ह्याची, नाहीतर खाडीला लांबचा वळसा.

वाळवंटातला_मराठी:
@निवांत_कट्टा तासाची अब्रा छान पण त्यात ती मजा नाही हो. शेजारी कामावरून येणारा माणूस मांडीवर डबा घेऊन बसलेला असतो, तेच तर बघायचंय.

खारीबिस्कीट:
जाऊन आलो! सगळ्यांना थँक्यू. साधीच घेतली, तासाची नाही. पहिली अब्रा सोडली, दुसरीत "आता" म्हणून पाय टाकायला लावला, एका अनोळखी मुलाने न सांगता सासूबाईंचा दुसरा हात धरला. सीगल इतके जवळून जात होते की धाकटा खाली वाकला. मला वाटलं सासूबाई घाबरतील, तर त्या देराला उतरायलाच तयार नाहीत, म्हणे तुम्ही जा बाजारात, मी इथेच फेऱ्या मारते. शेवटी नवरा आणि त्या आणखी दोनदा गेले आले, आम्ही तिघं केशराचा भाव करत बसलो. मेट्रोत थोरल्याने गुगल मॅप उघडून ठेवला होता, निळा ठिपका पाण्यात गेल्यावर डब्यात ओरडला.

त्या १ दिरहॅमच्या नाण्यावर कॉफीची सुरई आहे हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. सासूबाईंनी एक नाणं ठेवून घेतलंय आणि आता तसली सुरई कुठे मिळेल म्हणून मला रोज विचारतात. पितळेची हवी, शोपीस नको. कुणी आणली आहे का?