मदत हवी आहे : नागपुरातल्या नेपाळी कामगारांच्या कमाईचा हिशेब कसा मांडू?

नमस्कार मंडळी,
एम.ए. अर्थशास्त्राच्या प्रकल्पासाठी हा विषय घेतलाय. प्रतापनगरला आमच्या अपार्टमेंटचे चौकीदार दादा नेपाळच्या अछाम जिल्ह्यातले. रात्रभर गेटवर असतात, सकाळी गाड्या धुतात, आणि गावी जाताना साठवलेली रोकड सोबत नेतात.

माझं घोडं नेमकं इथेच अडलंय. भारत-नेपाळ यांच्यातल्या १९५० च्या मैत्री करारामुळे त्यांना इथे यायला ना व्हिसा लागतो, ना कामाचा परवाना. आखाती देशांत जाणाऱ्या नेपाळ्यांची, त्यांच्याच सरकारकडून घ्याव्या लागणाऱ्या श्रम परवान्यामुळे, निदान सरकारदरबारी नोंद होते. इकडे येणाऱ्यांची तशी होत नाही. बाहेरून येणारा पैसा नेपाळच्या जीडीपीच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त आहे, पण खिशातून नेलेला पैसा त्यात धरायचा कसा? विनिमयाची अडचण नाही. १९९३ पासून आपले १०० रुपये म्हणजे त्यांचे १६०.

दुसरं, अशा कामगारांमुळे इथल्या चौकीदारांची मजुरी खरंच घटते का? मला तसं वाटत नाही. बारा तासांची ड्युटी आणि गेटजवळच्या खोलीत राहणं स्थानिक माणसं सहसा पत्करत नाहीत. पण नुसत्या वाटण्यावर प्रकल्प उभा राहत नाही ना!

कोणी असं सर्वेक्षण केलंय का? प्रश्नावलीत पगार थेट विचारावा, की महिन्याच्या खर्चावरून काढावा? सीताबर्डी, धरमपेठ भागात नेपाळी बोलणारं कोणी सोबत यायला तयार असेल तर कृपया कळवा. दादांना हिंदी येतं, पण घरच्या शेतीबद्दल ते नेपाळीतच मोकळे होतील.