महागाई १९२३ ची, मग हिटलर १९३३ मध्ये कसा आला?

प्रश्न: वाचक, फोंडा
मुलगी बारावीला आहे. तिच्या वहीत उत्तर आहे, ‘महागाईला कंटाळून जर्मन जनतेने हिटलरला निवडून दिले.’ पण नोटांच्या गठ्ठ्यांची ती महागाई १९२३ ची. मधली दहा वर्षं कुठे गेली? आणि लोकांनी खरंच निवडून दिलं का त्याला?

उत्तर: पर्वरी
त्या उत्तरात १९२९ ची मंदी सांगायची राहून गेली. अमेरिकेतून आलेली कर्जं आटली, कारखाने बंद पडले. १९३२ च्या सुरुवातीला साठ लाख माणसं बेकार होती.

उत्तर: निवृत्त शिक्षक, म्हापसा
वहीतलं उत्तर चुकीचं आहे, आणि मुलीने ते तसंच पाठ करू नये असं मला फार वाटतं. मे १९२८ मध्ये, महागाई संपून साडेचार वर्षं झाल्यावर, नाझींना, म्हणजे हिटलरच्या पक्षाला, २.६ टक्के मतं होती, संसदेत जागा १२. सप्टेंबर १९३० मध्ये त्या १०७ झाल्या. मधे मंदी आली हे खरंच. पण मार्च १९३० मध्ये बहुमताचं सरकार पडलं, तेही बेकारी विम्याच्या वर्गणीच्या वादावरून! त्यानंतर नवा चॅन्सेलर (पंतप्रधान) ब्रुनिंग याने राष्ट्राध्यक्षांच्या सहीने, राज्यघटनेच्या कलम ४८ खाली वटहुकूम काढून कारभार हाकला. बेकारी वाढत असताना पगार कापले. संसदेवाचून राज्य चालतं, याची सवय देशाला हिटलर येण्याआधीच लागली.

आता निवडून देण्याचं. जुलै १९३२ मध्ये नाझींना ३७.३ टक्के मतं पडली. खुल्या निवडणुकीत याहून जास्त कधीच मिळाली नाहीत. नोव्हेंबरमध्ये ३३.१ वर आले, ३४ जागा गेल्या. म्हणजे ओहोटी लागली होती. तरी ३० जानेवारी १९३३ ला राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्गने हिटलरला चॅन्सेलर नेमलं. माजी चॅन्सेलर पापेन वगैरे मंडळींचा हिशेब असा, की मंत्रिमंडळात हिटलर सोडून नाझी दोनच, बाकी आपली माणसं. त्याची गर्दी आपल्या कामाला येईल, लगाम आपल्याच हातात राहील. वर्गात मी त्या जानेवारी महिन्यावर मुद्दाम जास्त वेळ थांबत असे, कारण त्यात काहीच अटळ नव्हतं.

पुढचं सगळं आठ आठवड्यांच्या आत. २७ फेब्रुवारीला राइशस्टागला, म्हणजे संसदेच्या इमारतीला, आग, दुसऱ्या दिवशी मूलभूत हक्क स्थगित, २३ मार्चला सर्वाधिकाराचा कायदा, म्हणजे संसदेवाचून कायदे करायची सरकारला मुभा, ४४४ विरुद्ध ९४ मतांनी मंजूर. कॅथलिक सेंटर पक्षानेही बाजूने मत दिलं. कम्युनिस्टांना सभागृहात येऊच दिलं नाही. विरोधातले ९४ सगळे सोशल डेमोक्रॅट. गणवेशातले नाझी भोवती उभे असताना त्यांचा नेता ओटो वेल्स विरोधात बोलला. मुलीला हे नाव नक्की सांगा.

उत्तर: डिचोली
डाव्यांचंही लिहा, सर. नोव्हेंबर १९३२ मध्ये सोशल डेमोक्रॅट १२१ आणि कम्युनिस्ट १००, मिळून २२१. नाझी १९६. पण मॉस्कोच्या धोरणाप्रमाणे कम्युनिस्ट सोशल डेमोक्रॅटांनाच ‘सोशल फॅसिस्ट’ म्हणत राहिले.

प्रश्नकर्ती
सर, खूप आभार. सासरे सांगायचे, पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या काळात गोव्यात लग्नपत्रिकासुद्धा सेन्सॉरला दाखवावी लागायची. तोही असाच आला का?

उत्तर: निवृत्त शिक्षक, म्हापसा
नाही. तिथे लष्कर आलं. पोर्तुगालच्या १९१० च्या प्रजासत्ताकात सोळा वर्षांत चाळीसहून जास्त सरकारं झाली, आणि २८ मे १९२६ ला उठाव झाला. सालाझार कोइंब्रा विद्यापीठाचा प्राध्यापक. १९२८ मध्ये तो अर्थमंत्री झाला, तोही सगळ्या खात्यांच्या खर्चावर आपला ताबा राहील या अटीवर. १९३२ मध्ये पंतप्रधान. मोडक्या कारभाराला लोक विटलेले असताना हिशेब जुळवणारा माणूस म्हणून त्याला वाट मिळाली.

आपलं नुकसान मोठं झालं. गोव्यातल्या हिंदूंना बरोबरीचे हक्क त्या प्रजासत्ताकानेच दिले होते. १९३० मध्ये वसाहतींना दुय्यम ठरवणारा कायदा, ‘आक्तो कोलोनियाल’, आला तेव्हा गोव्यातले पत्रकार आणि नेते लुईस दी मिनेझिस ब्रागांझांनी इथल्या विधिमंडळात त्याच्याविरुद्ध ठराव मांडला. मुलीला प्रकल्प करायचा असेल तर हाच विषय घेऊ दे, मी मदत करीन.