सिरीचा घोळ: टिम कुकला धरायचं की सोडायचं?

गिरगावचा_चाळकरी: जून 2024 ला ॲपलने स्टेजवर दाखवलं, सिरीला (आयफोनमधली बोलून काम करणारी मदतनीस) विचारा आईचं विमान किती वाजता उतरतंय, ती स्वतः मेल-मेसेज धुंडाळून सांगणार. सप्टेंबरात आयफोन 16 याच जोरावर विकायला काढला, वर जाहिरात काय तर दोन महिन्यांपूर्वी कॅफेत भेटलेल्या माणसाचं नाव सिरी सांगतेय. मार्च 2025 उजाडला आणि म्हणे अजून वेळ लागेल, जाहिरातही गुल. उशीर होतो हो, सॉफ्टवेअर आहे, त्याबद्दल तक्रारच नाही. पण जे तयार नाही त्याची जाहिरात करून फोन विकायचा हे वर बसून कोणीतरी ठरवलं ना? तिथे कंपनीचा प्रमुख म्हणून कुकला सूट नाही.

पार्ले_ईस्ट: एका लाँचवरून माणूस मापणार? 2011 ला हा खुर्चीत बसला तेव्हा कंपनी साधारण 350 अब्ज डॉलरची, 2023 ला 3000 अब्जांच्या वर. मधे मॅक कॉम्प्युटरसाठी इंटेलला सोडून स्वतःची एम1 चिप आणली 2020 ला, ती काय आपोआप झाली? तुम्ही म्हणजे एक मॅच हरली की कॅप्टन बदला म्हणत वानखेडेबाहेर उभे राहणारे.

गिरगावचा_चाळकरी: शेअरचा भाव कोण विचारतंय, मी जाहिरातीबद्दल बोलतोय.

चर्चगेट_स्लो: मला खटकतं ते नंतरचं. एआय सांभाळणाऱ्या गियानांद्रियाकडून सिरी काढली आणि व्हिजन प्रो हेडसेटवाल्या रॉकवेलकडे दिली, झालं, हिशोब मिटला. 2012 ला ॲपलच्या नकाशांचा बोऱ्या वाजला तेव्हा निदान कुकने स्वतःच्या सहीने माफीचं पत्र काढलं, तोवर दुसऱ्यांचे नकाशे वापरा असंही लिहिलं, पण पुढच्याच महिन्यात आयफोनचं सॉफ्टवेअर बघणाऱ्या फोर्स्टॉलला नारळ. आमच्या ऑफिसात (नाव नको) अर्धवट रिलीज रेटून नेलं, शुक्रवारी रात्री सर्व्हर आडवा, आणि सोमवारी सगळ्यांसमोर झापलं कोणाला तर टेस्टिंगच्या पोरीला, जिने आधीच मेलवर लिहून दिलं होतं की हे पाठवू नका. वरचे साहेब त्या मीटिंगला चहा पीत बसले होते.

मुलुंडची_मावशी: कुकच्या आधीच्या जॉब्सने काय वेगळं केलं रे? 2008 ला मोबाइलमी या ॲपलच्या ऑनलाइन सेवेत लोकांचे मेल अडकले, त्याने टीमला झाड झाड झाडलं आणि मुख्य माणूस बदलला. तेव्हा म्हणायचे काय कडक माणूस आहे, कुकने केलं की लगेच बळीचा बकरा.

गिरगावचा_चाळकरी: मावशी, मोबाइलमी रडतखडत का होईना लोकांच्या हातात होतं हो. इथे वस्तूच नव्हती.

पार्ले_ईस्ट: बरं मग राजीनामा? मायक्रोसॉफ्टमध्ये विंडोज 8 नंतर विंडोजचा प्रमुख सिनोफ्स्की काही आठवड्यांतच गेला, 2013 ला कंपनीचा प्रमुख बाल्मरने निवृत्ती जाहीर केली, ठीके, पण तिथे नाडेला आधीपासून क्लाउड सांभाळत होता म्हणून 2014 ला निभावलं. इथे कोणाला बसवणार ते सांग आधी. नुसतं हटाव हटाव सोपं असतं.

चर्चगेट_स्लो: 2023 ला कुक मुंबईत बीकेसीत ॲपलचं दुकान उघडायला आला, माधुरीसोबत वडापाव खाल्ला, तेव्हा याच ग्रुपवर सगळे विरघळले होते, ते आठवतंय मला 😄

गिरगावचा_चाळकरी: राजीनामा मागितलाय कोणी? 2012 सारखं पत्र काढ म्हणतोय, आयफोन 16 घेतलेल्यांच्या नावाने, की बाबांनो दाखवलं ते दिलं नाही.

मुलुंडची_मावशी: सिरीला सांगितलं असेल लिहायला, म्हणून उशीर होतोय.