मदत हवी आहे: परदेशी जहाजाने जाळी नेली, हॅम्बुर्गच्या कोर्टात अर्ज कसा करायचा?

खाडीकाठ: मंगळवारी पहाटे जहाज आमच्या जाळ्यांवरून गेलं. 40 पैकी 11 हाती लागली, तीही फाटकी. भावाने कर्ज काढून भरलेली जाळी. समुद्राचं कोर्ट हॅम्बुर्गला आहे म्हणतात. अर्ज कसा करायचा? लवकर सांगा, दोन दिवस तो जेवलेला नाही.

बंदरवाला: कुठलं बंदर? किती मैल आत होतात? जहाजाचं नाव, झेंडा?

सागरवेडा: थेट लंडनला आयएमओला (आंतरराष्ट्रीय सागरी संघटना) मेल टाका. जहाजांचा कारभार त्यांच्याकडेच.

नाखवाकाका: आयएमओ नियम करते, भरपाईच्या तक्रारी निवाडत नाही. हॅम्बुर्गला मुख्यतः देशादेशांतले वाद चालतात. 2012 ला केरळजवळ इटलीच्या एन्रिका लेक्सी जहाजावरच्या सैनिकांनी 2 मच्छीमार मारले, तेव्हाही भारत-इटलीच लढले. हेगच्या लवादाचा निकाल 2020 ला आला. भरपाई 10 कोटी ठरली, त्यातले 2 कोटी बोटमालकाला. सरकार मागे नसेल तर तिथे आपल्याला कोण विचारतो? आधी कोस्टगार्ड आणि मत्स्यव्यवसाय खात्यात लेखी तक्रार द्या, मच्छीमार सोसायटीचं पत्र जोडा.

गाबीत७२: जहाजाचं काय घेऊन बसलात? एलईडी दिवे लावून मासे ओढणाऱ्यांनी दर्या रिकामा केला, त्याचा धागा काढा.

नाखवाकाका: भाऊ, त्यासाठी वेगळा धागा काढा. इथे माणसाचं घर बुडतंय.

खाडीकाठ: हर्णै. 19 मैल. नाव वाचता आलं नाही, पण फोटोत जहाजाच्या मागे ‘मोनरोव्हिया’ दिसतंय.

बंदरवाला: म्हणजे नोंदणी तिथली, लायबेरियाचा झेंडा, मालक कुठलाही असेल. देशाच्या 12 मैलांच्या हद्दीबाहेर टक्कर झाली की कप्तानावर फौजदारी कारवाई झेंड्याचा देश किंवा त्याचा स्वतःचा देशच करू शकतो, समुद्र करारातलं कलम 97. भरपाईचं वेगळं. 2017 च्या ॲडमिरल्टी (जहाजांवरच्या दाव्यांच्या) कायद्याने मुंबई हायकोर्टात दावा लावा, जहाज आपल्या बंदरात आलं तर तिथेच अडकवता येतं. जीपीएसवरची वेळ आणि जागा पुसू नका, त्यावरूनच जहाज ओळखता येईल.

रत्नसिंधु: समुद्रतळाच्या खाणींचे परवाने जमैकातली संस्था देते, तिकडे विचारलंत का?

बंदरवाला: त्याचा इथे संबंध नाही. खाडीकाठ, लाल वर आणि पांढरा खाली, असे मासेमारीचे दिवे लावले होते ना?

खाडीकाठ: पांढरा होता. लाल गणपतीपासून बंद आहे.

नाखवाकाका: तक्रारीत तेही लिहा. त्यांचा वकील पहिलं तेच विचारील. खलाशांचे जबाब आजच घ्या, उद्या परत बोटी सुटतील.