मध्यमवर्गीय कुटुंब सुस्थितीत राहण्यासाठी किती उत्पन्न लागते?

नदीकाठ (वाकड, पुणे)

आम्ही दोघेही नोकरी करतो. माझा वार्षिक पगार साडेनऊ लाख आणि पत्नीचा साडेसहा लाख, असे वर्षाला १६ लाख रुपये घरात येतात आणि भविष्य निर्वाह निधी वगैरे वजा जाता महिन्याला १ लाख १७ हजारांच्या आसपास हातात पडतात. मुलगी पहिलीत आहे. घर भाड्याचे असून भाडे २६ हजार आहे. शाळेची फी, व्हॅन आणि शाळा सुटल्यानंतरचे पाळणाघर यांवर १८ हजार जातात. मिरजेला आईवडिलांना १२ हजार पाठवतो. वडील ७१ वर्षांचे आहेत आणि त्यांना निवृत्तिवेतन नाही. वाणसामान, वीज, पेट्रोल, विम्याचे हप्ते आणि सणवार धरून सगळे भागते, थोडी शिल्लकही राहते. पण घर घ्यायचा विषय निघाला, किंवा घरात कुणाचे मोठे आजारपण आले तर काय होईल असा विचार मनात आला, की ही सुस्थिती फारच तकलादू वाटते. गावाकडचे नातेवाईक आम्हाला श्रीमंत समजतात. मध्यमवर्गाची रेषा नेमकी कोणत्या उत्पन्नावर धरावी आणि पुण्यात निश्चिंतपणे राहायला आमच्यासारख्या कुटुंबाला किती उत्पन्न हवे, याविषयी जाणकारांनी लिहावे.

हिशेबवही

सर्वांना मान्य अशी एक रेषा नाही, कारण प्रत्येक योजनेने आपापल्या कामापुरती रेषा आखलेली आहे. आपल्या राज्यात कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न १ लाखाच्या वर गेले की शिधापत्रिका शुभ्र होते. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाच्या आरक्षणासाठी मर्यादा ८ लाखांची आहे. म्हाडाच्या सोडतीत पुणे महानगर प्रदेशासाठी ६ लाखांपर्यंत अत्यल्प, ९ लाखांपर्यंत अल्प, १२ लाखांपर्यंत मध्यम आणि त्यापुढे उच्च उत्पन्न गट धरला जातो, तर प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी भागाच्या दुसऱ्या टप्प्यात मध्यम गट ९ लाखांवरच संपतो. म्हणजे ८ लाखांच्या आत असलेले कुटुंब दुर्बल ठरू शकते आणि १२ लाखांच्या पुढचे उच्च ठरते. आपले १६ लाखांचे कुटुंब भाड्याच्या घरात राहते, तरी म्हाडाच्या दृष्टीने ते उच्च उत्पन्न गटातच मोडते.

अभ्यासकांची रेषा बरीच रुंद आहे. ‘प्राइस’ या दिल्लीच्या संशोधन संस्थेने २०२०-२१ च्या किमतींनुसार वार्षिक ५ ते ३० लाख उत्पन्नाची कुटुंबे मध्यमवर्गीय मानली आणि देशातील सुमारे ३१ टक्के लोकसंख्या त्यात बसते असा अंदाज दिला. ५ लाखांचे आणि ३० लाखांचे कुटुंब एकाच नावाखाली आल्यावर त्या नावावरून राहणीमानाचा फारसा बोध होत नाही, असे माझे मत आहे.

नातेवाईकांचे म्हणणे मात्र निराधार नाही. २०२३-२४ च्या सरकारी उपभोगखर्च सर्वेक्षणानुसार शहरी भारतात दरडोई सरासरी मासिक खर्च ६,९९६ रुपये होता, म्हणजे तिघांचा सुमारे २१ हजार. आपले केवळ भाडेच त्याहून अधिक आहे. मात्र घर विकत घेण्याचा खर्च आणि कर्जाची परतफेड अशा सर्वेक्षणात उपभोगखर्च म्हणून धरली जात नाही आणि शहरी पगारदाराची खरी ओढाताण तर तिथेच असते. ६० लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे ५२ हजारांचा बसतो आणि एकूण परतफेड सव्वा कोटीच्या घरात जाते.

एक बाब आपल्या बाजूची आहे. आपल्याकडे प्राप्तिकर कुटुंबावर नसून व्यक्तीवर आकारला जातो. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर कर भरावा लागत नसल्याने आपणा दोघांनाही पगारावर कर नाही. हेच १६ लाख एकट्याने कमावले असते, तर सुमारे १ लाख १३ हजार कर भरावा लागला असता. अर्थात, दोघांनी नोकरी करण्याचा खर्च पाळणाघराच्या रूपाने आपण भरतच आहात.

पंचगंगा (कोल्हापूर)

आमच्या घरी महिन्याला ५५ हजार येतात आणि आम्ही सुस्थितीत आहोत, असे मी निःसंकोचपणे म्हणेन. घर वडिलोपार्जित आहे, वर्षाचा तांदूळ शेतातून येतो आणि मुलगी चालत शाळेत जाते. पुण्यात याच ५५ हजारांत भाडे भरून आमचे चौघांचे भागले नसते.

ही सुस्थिती खरी अडते ती उच्च शिक्षणाशी. राज्य शासनाने २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास प्रवर्ग आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले आहे, पण त्यासाठी कुटुंबाचे उत्पन्न ८ लाखांच्या आत असावे लागते. आमचे वार्षिक उत्पन्न ६ लाख ६० हजार असल्याने मोठ्या मुलीला हा लाभ मिळाला आणि तिच्या वसतिगृहाचा व खानावळीचा खर्चच आमच्यावर राहिला. पुढे पगार वाढत जाऊन आम्ही ८ लाखांच्या थोडे वर गेलो, तर मर्यादा ओलांडणाऱ्या त्या शेवटच्या वाढीने हातात वर्षाला काही हजार जास्त येतील आणि शुल्कापोटी त्याहून अधिक जातील. या मर्यादेच्या अलीकडे-पलीकडे असलेल्या कुटुंबांचा विचार व्हायला हवा, असे मला तळमळीने वाटते.

जुनी पेठ

उत्पन्नाच्या आकड्याइतकेच त्याच्या पाठीशी काय आहे, हे विचारात घ्यावे लागेल. आमच्या पिढीतील अनेक सरकारी नोकरदारांना आजच्या तुलनेत पगार फारच कमी होता, पण निवृत्तिवेतनाची शाश्वती होती. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ पासून सेवेत आलेल्यांची ती जुनी योजना बंद झाली आणि खासगी नोकरीत तर ती बहुतेकांना कधी नव्हतीच. आज तिशीतल्या जोडप्याला घर, स्वतःचे म्हातारपण आणि आईवडिलांचे म्हातारपण या तिन्ही गोष्टी चालू पगारातूनच उभ्या करायच्या आहेत, हे नातेवाईकांच्या लक्षात येत नाही.

आकडाच हवा असेल, तर माझा अंदाज देते. पुण्यात कर्ज फिटलेले स्वतःचे घर असेल, तर तिघांच्या कुटुंबाला हातात येणारे ७० ते ८० हजार पुरेसे आहेत. भाड्याच्या घरात १ लाख १० हजारांच्या आसपास लागतात, म्हणजे आपण या पातळीवर आहात. ५२ हजारांचा हप्ता, सोसायटीचा मेंटेनन्स आणि मिरजेचे १२ हजार हे सारे सांभाळून बचतही करायची असेल, तर दीड लाखाच्या खाली जमणार नाही. शिवाय एकाची नोकरी गेली, तर दुसऱ्याच्या पगारात आणि साठवलेल्या पैशांत सहा महिने निघतील की नाही, हे घर घेण्यापूर्वी लिहून काढावे. ते निघत नसतील, तर आणखी दोन-तीन वर्षे भाड्याने राहण्यात काहीही कमीपणा नाही.

नदीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. हिशेब मांडला; सध्याच्या शिल्लकीत सहा महिने निघत नाहीत, त्यामुळे घराचा विचार तूर्त पुढे ढकलत आहोत. वडिलांना मात्र आता नव्याने आरोग्य विमा फार महाग सांगत आहेत. त्यांच्यासाठी काय करता येईल?

हिशेबवही

७० वर्षे व त्याहून अधिक वयाच्या व्यक्तींना ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान भारत योजनेत वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण मिळते आणि आधारच्या आधारे त्याचे ‘वय वंदना’ कार्ड निघते. ते लगेच काढून घ्यावे. मिरज आणि सांगलीतील कोणती रुग्णालये योजनेत आहेत आणि तेथे कोणते उपचार त्यातून होतात, याची चौकशी मात्र वडिलांची प्रकृती ठीक असतानाच प्रत्यक्ष जाऊन करावी, कारण प्रत्येक रुग्णालयात प्रत्येक उपचार योजनेतून होत नाही.